आकाशगंगेची प्रदक्षिणा आणि जीवसृष्टि

चैत्री पौर्णिमेस जोतिबाच्या ज्या डोंगरावर सासनकाठ्या नाचतात, त्याचा काळा पाषाण सुमारें 6 कोटी 60 लक्ष वर्षांपूर्वीं तप्त रसाच्या रूपानें वाहत आला. त्याच सुमारास डायनोसॉर नष्ट झाले. या संहाराचा सूर्याच्या भ्रमणाशीं कांहीं संबंध असेल काय?

सूर्य ग्रहमालेसह आकाशगंगेच्या मध्याभोंवतीं फिरतो. एका प्रदक्षिणेस सुमारें 23 कोटी वर्षें लागतात. म्हणजे हा पाषाण थिजल्यापासून पाव प्रदक्षिणेहून थोडेंच अधिक अंतर तोडलें गेलें. फिरतांना तो वर-खालींही डोलतो, आणि सुमारें 3 कोटी वर्षांनीं आकाशगंगेचें मध्यपटल ओलांडतो. त्या वेळीं दूरचे धूमकेतु विचलित होऊन पृथ्वीवर आदळत असावेत, असा एक तर्क आहे. 1984 सालीं रॉप व सेपकोस्की यांनीं जीवसंहार दर 2 कोटी 60 लक्ष वर्षांनीं होतात असें मांडलें, तेव्हां त्यास बळ आलें.

सूर्य आजही मध्यपटलाजवळच आहे. म्हणून हा प्रश्न केवळ कुतूहलाचा नव्हे. परंतु वरील दोन आंकडे नेमके जुळत नाहींत, आणि ती नियमितता अनेक शास्त्रज्ञांस मान्य नाहीं. शिवाय त्या काळीं मेक्सिकोंत आदळला तो धूमकेतु नसून लघुग्रह होता, असें अवशेषांवरून दिसतें. आणि दख्खनचा अग्नि तर पृथ्वीच्याच पोटांतला.

तेव्हां आकाशगंगेस दोषी ठरविण्याइतका पुरावा आज नाहीं. भीति नको, आकाशावर दुर्बिणींची नजर मात्र असावी.