हृदयाचे आरोग्य आणि आपले कर्तव्य

(बेस्ट, नेदरलँड्स येथील वार्षिक मेळाव्यात केलेले भाषण)



आज आपण ज्या बेस्ट गावी जमलो आहोत, त्या गावाचा हृदयरोगाच्या उपचाराशी निकटचा संबंध आहे. मनगटातून वा जांघेतून बारीक नळी हृदयापर्यंत नेऊन रक्तवाहिन्यांचे क्ष-किरण चित्र घेतात, त्यास अँजिओग्राफी म्हणतात. तिची यंत्रे फिलिप्स कंपनी या गावी तयार करते. शेजारच्या आइंडहोव्हन येथील कॅथरिना रुग्णालयाचे डॉ. निको पेइल्स आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी याच क्षेत्रात मोलाचे संशोधन केले. रक्तवाहिनी चित्रात अरुंद दिसली म्हणून लगेच स्टेंट न बसवता, अडथळ्यापलीकडे रक्ताचा दाब किती उरतो हे बारीक तारेने मोजावे, असे त्यांनी प्रतिपादिले. १,००५ रुग्णांवरील त्यांचा अभ्यास २००९ साली प्रसिद्ध झाला. दाब मोजून उपचार केलेल्यांपैकी वर्षभरात १३.२ टक्के रुग्णांना मृत्यू, हृदयविकाराचा झटका वा पुन्हा शस्त्रक्रिया यांस तोंड द्यावे लागले. केवळ चित्र पाहून उपचार केलेल्यांत हे प्रमाण १८.३ टक्के होते. अनुमानापेक्षा मोजमाप श्रेष्ठ, हा या संशोधनाचा बोध आहे. आजच्या भाषणात आम्हांस तोच आपल्यापुढे ठेवावयाचा आहे.

'मी सडपातळ आहे, मला हृदयरोग कसा होईल?' हे असेच एक अनुमान आहे. पुण्याच्या केईएम रुग्णालयातील डॉ. चित्तरंजन याज्ञिक यांनी २००४ साली 'लॅन्सेट' या नियतकालिकात स्वतःचे आणि लंडनचे डॉ. जॉन युडकिन यांचे छायाचित्र छापले. उंचीच्या मानाने दोघांचे वजन अगदी सारखे होते. परंतु शरीरातील मेद युडकिन यांचा ९.१ टक्के, तर याज्ञिकांचा २१.२ टक्के भरला! हा मेद पोटात साठतो आणि मधुमेहाला व हृदयरोगाला वाट करून देतो. ५२ देशांत झालेल्या 'इंटरहार्ट' अभ्यासातही दक्षिण आशियातील लोकांना पहिला झटका सर्वसाधारणपणे ५३ व्या वर्षी, म्हणजे इतरांहून सुमारे सहा वर्षे आधी येतो, असे आढळले. आम्ही पन्नाशी ओलांडली आहे. या सभागृहातील अनेकांनीही ओलांडली आहे. हे आकडे आपल्याच घरचे समजावेत.

परमपूज्य बाबासाहेबांचे शरीर मधुमेहाने जर्जर केले होते. वयाच्या अवघ्या ६५ व्या वर्षी ते आपल्याला सोडून गेले. त्या काळी आजची औषधे नव्हती. आज ती आहेत, तपासण्याही आहेत. तरीही आपण तपासणी टाळत असू, तर दोष परिस्थितीला कसा द्यावा?

बंधू-भगिनींनो, तंबाखू आणि मशेरी वर्ज्य करा. लोणचे, पापड, खारवलेले सुके बोंबील यांची आठवण गोड असली तरी त्यांतील मीठ रक्तदाब वाढविते. पुरुषांची कंबर ९० आणि स्त्रियांची ८० सेंटीमीटरपेक्षा अधिक असल्यास सावध व्हावे. रक्तदाब, साखर आणि कोलेस्टेरॉल आपल्या हाउसआर्ट्सकडून तपासून घ्यावे. छातीवर दडपण, हाताला वा जबड्याला कळ, दरदरून घाम अशी लक्षणे दिसताच 'अपचन झाले असेल' म्हणत न बसता ११२ ला फोन करावा. स्त्रियांत आणि मधुमेहींत केवळ धाप वा थकवा हेच लक्षण असू शकते. घरातील माउली सर्वांना वाढून शेवटी जेवते. तिची तपासणी तरी शेवटी राहू नये.

आता समाजकार्याविषयी. या देशात १९६४ साली 'हार्टस्टिखटिंग' ही हृदयरोगनिवारण संस्था स्थापन झाली. एप्रिलमध्ये तिचे स्वयंसेवक डबा घेऊन दारोदार येतात. त्या पैशातून संशोधन होते, लोकशिक्षण होते. एखाद्याचे हृदय अचानक बंद पडल्यास सहा मिनिटांच्या आत मदत पोहोचावी, असा या संस्थेचा आग्रह आहे. त्यासाठी 'हार्टस्लागन्यू' ही यंत्रणा आहे. प्रशिक्षित नागरिक तीत नाव नोंदवितात आणि जवळपास असा प्रसंग घडताच त्यांना बोलावणे येते. छातीच्या मध्यभागी मिनिटाला १०० ते १२० वेळा जोराने दाब देत राहणे, एवढी ही विद्या आहे. तिला पदवी लागत नाही.

दानपारमितेचे महत्त्व आपल्याला सांगावयास नको. विहारासाठी आपण सढळ हाताने देतो. परंतु शेजाऱ्याच्या दारी जाऊन त्याचे हृदय पुन्हा चालू करणे, यापेक्षा मोठे दान कोणते? तेथे येणारा हात कोणत्या जातीचा वा देशाचा, हे कोणी विचारीत नाही. म्हणून आमची तीन नम्र आवाहने आहेत. प्रत्येक कुटुंबातील एका तरी प्रौढ व्यक्तीने हे प्रशिक्षण घ्यावे. बुद्धपौर्णिमेच्या कार्यक्रमात रक्तदाब मोजण्याचे एक टेबल मांडावे. आणि गावी आई-वडिलांना फोन कराल तेव्हा 'बरे आहात ना?' एवढ्यावर न थांबता त्यांच्या रक्तदाबाचा आकडा विचारावा. ते 'बरं आहे' म्हणतील. आकडा मात्र खरे सांगेल. त्यांच्याकडे यंत्र नसेल, तर पुढच्या भेटीत साडीबरोबर तेही न्यावे.

बुद्धाने पाहून, पारखून घेण्यास सांगितले. आपल्या शरीराच्या बाबतीतही आपण तेच करू या.

जयभीम! नमो बुद्धाय!