स्त्रीची वेदना आणि औषधाची मात्रा

(मंडळाच्या सुवर्णमहोत्सवी व्याख्यानमालेतील भाषण)



वैद्यकीय विषयावर बोलण्याचा याला काय अधिकार, असा प्रश्न आपल्या मनात येणे स्वाभाविक आहे. मी बी. ए. झालेला, केंद्र सरकारच्या नोकरीत बदल्यांबरोबर गावे पालटणारा मनुष्य. परंतु माझ्या हातून घडलेल्या एका चुकीने मला या विषयाकडे वळवले. तशी चूक आपल्यापैकी अनेकांकडून नकळत घडत असावी, म्हणून हे धाडस.

काही वर्षांपूर्वी उत्तरेकडील एका शहरात असताना सौ.च्या पोटात दुखू लागले. ती म्हणाली, "अहो, आत सणक येते, पाठीपर्यंत कळ जाते आणि मग ठणकत राहतं." डॉक्टरांना मराठी येत नव्हते, तिची हिंदी बेताची. दुभाष्याचे काम मी पत्करले आणि सांगितले, "पेट में थोड़ा दर्द है." त्यातला 'थोड़ा' तिचा नव्हता, तो माझा होता. साधी गोळी घेऊन आम्ही परतलो. तिसऱ्या दिवशी पित्ताशयातील खड्यांसाठी तिला इस्पितळात दाखल करावे लागले.

त्यानंतर या विषयावर मिळेल ते मी वाचू लागलो. बर्फाच्या पाण्यात हात किती वेळ ठेवता येतो, अशी एक चाचणी आहे. तीत स्त्रिया सरासरीने हात लवकर काढतात. पण एवढ्यावरून स्त्री नाजूक असा निष्कर्ष काढू नये. एक तर व्यक्तिव्यक्तींमधील फरक या सरासरीच्या फरकाहून पुष्कळ मोठा आहे. दुसरे असे की, १९९१ साली अमेरिकेत प्रसिद्ध झालेल्या एका प्रयोगात, चाचणी घेणारी व्यक्ती स्त्री असता पुरुषांनी आपली वेदना कमी सांगितली! तेव्हा पुरुषाचे सोसणे किती आणि आव किती, हे ठरविणे अवघड आहे.

औषधांची गोष्ट अधिक उद्बोधक आहे. १९९६ साली सॅन फ्रान्सिस्को येथील संशोधकांनी अक्कलदाढ काढलेल्या रुग्णांना नॅल्ब्युफिन व ब्युटॉर्फेनॉल ही वेदनाशामके दिली; त्यांचा गुण स्त्रियांना अधिक आला. १९९९ मध्ये तर असे आढळले की, नॅल्ब्युफिनच्या ५ मिलिग्रॅम मात्रेने पुरुषांची वेदना, नुसते लुटुपुटीचे औषध दिलेल्या पुरुषांपेक्षाही वाढली. म्हणजे एकाचे औषध दुसऱ्याला तसेच लागू पडेल असे नाही.

मग हे आधी का कळले नाही? १९७७ साली अमेरिकेच्या औषध प्रशासनाने, गर्भाच्या काळजीपोटी, मूल होऊ शकणाऱ्या वयाच्या स्त्रियांना औषधांच्या प्रारंभीच्या चाचण्यांतून वगळण्याची सूचना केली होती. ती १९९३ मध्ये मागे घेण्यात आली. हेतू चांगला होता. परंतु मधल्या काळात पुरुषांवर पारखलेली मात्रा स्त्रियांनी घेतली.

आणि औषध मिळण्यातही अंतर आहेच. फिलाडेल्फिया येथे तातडीच्या विभागात पोटदुखीने आलेल्या रुग्णांची पाहणी २००८ साली प्रसिद्ध झाली. वेदनाशामक मिळेपर्यंत पुरुषांना साधारण ४९ मिनिटे थांबावे लागले, तर स्त्रियांना ६५. ही सोळा मिनिटे वाचताना मला माझा 'थोड़ा' आठवला.

आपल्या मराठीत 'कळ' म्हणजे वेदना, आणि 'कळ काढ' म्हणजे धीर धर. घरातल्या स्त्रीला आपण दुसराच अर्थ फार वेळा ऐकवतो. म्हणून दोन विनंत्या. कुठे, केव्हापासून, कशा प्रकारचे दुखते, हे तिच्याच शब्दांत कागदावर लिहून न्यावे आणि तसेच्या तसे सांगावे. मात्रा मात्र घरी ठरवू नये. ते डॉक्टरांचे काम. दुसरी विनंती मंडळाला. स्थानिक भाषा उत्तम जाणणाऱ्या आणि इस्पितळात सोबत जाण्यास तयार असलेल्या भगिनींची एक यादी मंडळाने करावी. नव्याने बदली होऊन आलेल्या कुटुंबाला याहून मोठा आधार कोणता?