मृगाआधीची झडती
(वसंत व्याख्यानमालेतील व्याख्यान)



पाऊस बेभरवशाचा झाला, हे धानपट्ट्यातल्या माणसाला सांगायला व्याख्याता लागत नाही. रोवणीच्या वेळी तो दडी मारतो आणि कापलेल्या कडपा बांधीत पडल्या की हमखास येतो. शेतकरी आपल्या परीने सावध झाला आहे. पण ज्या संस्थांवर तो विसंबतो, ती सेवा सहकारी संस्था, पतसंस्था, शाळा, मच्छीमार संस्था, त्या अशा हवेत किती तग धरतील? आज बोलायचं आहे ते एवढंच.

ऑगस्ट २०२० चा शेवट आठवा. वैनगंगेला पूर आला. सिवनी जिल्ह्यात, मध्य प्रदेशात पाऊस कोसळला, तिथल्या संजय सरोवरातून पाणी सुटलं आणि भंडारा शहरातल्या वस्त्या पाण्याखाली गेल्या. वर संजय सरोवर, खाली पवनीजवळ ३३ दरवाजांचं गोसेखुर्द, आणि मधोमध आपण. त्यात कोरोनाचे दिवस. माणसं घाईने हलवायची, पण एका खोलीत गर्दी होऊ द्यायची नाही! आपल्या आभाळावर नजर ठेवून भागत नाही, आणि संकटं एकेकटी येतीलच असंही नाही, हे त्या पुराने शिकवलं.

अशा जोखमीची तपासणी कशी करावी, यासाठी २०२१ साली आयएसओ १४०९१ नावाचं आंतरराष्ट्रीय मानक निघालं. त्याची भाषा बोजड आहे, पण गाभा आपल्या कामाचा आहे. काय येऊ शकतं? त्याच्या वाटेत आपलं काय काय आहे? त्यातलं कच्चं काय? आणि सावरायला आपल्या हाताशी काय आहे?

हे प्रश्न धान खरेदी केंद्र चालवणाऱ्या एखाद्या संस्थेला लावून पाहू. आधारभूत खरेदीत धानाचा ओलावा १७ टक्क्यांपर्यंतच चालतो. भरडाई लांबली, गोदामातला माल उचलला गेला नाही, की नवी पोती अंगणात रचली जातात. त्यात एका रात्रीचा अवकाळी पाऊस! आता झडती घ्या. गोदामाचा ओटा पुराच्या खुणेच्या वर आहे का? पोत्यांखाली फळ्या आहेत का? ताडपत्र्या किती, आणि त्यातल्या फाटक्या किती? सभासदांचं रजिस्टर खालच्या कप्प्यात आहे की वरच्या? संगणकातल्या नोंदींची प्रत गावाबाहेर कुठे आहे का? सचिव आजारी असेल, तर रात्री गोदामाचं कुलूप कोण उघडणार? वीज चार दिवस नसेल तर काम कागदावर चालेल का?

यातल्या बहुतेक दुरुस्त्यांना पैसा थोडा लागतो, ठराव मात्र लागतो. रजिस्टर वर ठेवायला खर्च नाही. किल्ली दोघांकडे द्यायला खर्च नाही. ओटा उंच करायला खर्च आहे, म्हणून तो दोन-तीन वर्षांच्या अंदाजपत्रकात बसवावा. सहकार कायद्याप्रमाणे नफ्याचा किमान चौथा हिस्सा राखीव निधीत जातो, पण तो हवा तसा, हवा तेव्हा काढता येत नाही. म्हणून आपत्तीसाठी वेगळी रक्कम आमसभेच्या मंजुरीने बाजूला ठेवावी. विम्याची मुदत कधी संपते, तेही पावसाआधी पाहावं.

जबाबदारी निसटली की काय होतं, याचा दाखला मामा, म्हणजे माजी मालगुजारी, तलावांनी दिला आहे. कोहळी समाजाच्या कसबातून उभे राहिलेले हजाराहून अधिक तलाव भंडारा जिल्ह्यात आहेत. १९५० नंतर मालगुजारी गेली, तलाव सरकारकडे आले. पाणी सर्वांना हवं होतं, पण गाळ काढणं, पाळ राखणं हे गावाचं काम उरलं नाही. तलाव उथळ झाले, बेशरम ही झुडपी वनस्पती माजली. आणि सावरायचं कसं, तेही याच तलावांवर दिसलं. भंडारा निसर्ग व संस्कृती अभ्यास मंडळाने ढीवर समाजाच्या मच्छीमार संस्थांना सोबत घेतलं. बेशरम उपटली, तळाची नांगरट केली, देशी पाणवनस्पती लावल्या. त्यांच्या आसऱ्याला देशी मासे पुन्हा येऊ लागले. कोणती वनस्पती कोणत्या माशाला लागते, हे ज्ञान ढीवरांकडे होतंच. त्यांना विचारायला कुणीतरी जायला हवं होतं. तुमच्या संस्थेतही शिपाई, हमाल, चौकीदार यांना पाणी आधी कुठून शिरतं हे ठाऊक असतं. तपासणीच्या बैठकीला त्यांना बसवा.

मृग जूनच्या सात-आठ तारखेला लागतो. त्याआधी अर्धा दिवस काढा, मघाशी सांगितलेले प्रश्न घेऊन आपल्या संस्थेत फिरा, आणि उत्तरं वहीत लिहा. सहकारी संस्थांच्या वार्षिक सभा ३० सप्टेंबरपर्यंत होतात. तिथे आपण लाभांश किती, एवढंच विचारतो. यंदा उभं राहून आणखी एक विचारा: पुराची तयारी काय केली? अध्यक्षांना उत्तर देता आलं नाही, तर तो विषय पुढच्या मासिक सभेच्या विषयपत्रिकेवर पहिला घ्यायला लावा.