कातळाची कैफियत : स्वागताध्यक्षीय भाषण



ज्या आदिम जीवसृष्टीच्या शोधार्थ आपण येथे जमला आहात, तिचा मागमूस मात्र आमच्या दख्खनच्या काळ्या कातळात मिळावयाचा नाही. कारण तो सुमारे साडेसहा कोटी वर्षांपूर्वीच्या लाव्हारसाचा, म्हणजे आपल्या हिशेबी अगदी कालपरवाचा आहे.

आपले जुने दप्तर पश्चिम ऑस्ट्रेलियातील एपेक्स चर्ट या सुमारे ३४६ कोटी वर्षे वयाच्या खडकात आहे. त्यातील तंतुवत् आकृती सूक्ष्मजीवांच्याच होत, असे विल्यम शॉफ यांनी १९९३ साली प्रतिपादिले; २००२ साली मार्टिन ब्रेझियर आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी, ही उष्णजलाच्या क्रियेने घडलेली निर्जीव रचना होय, अशी हरकत दाखल केली. निव्वळ आकारावरून या तंट्याचा फैसला होणे दुरापास्त होते, म्हणून साक्षीस पाचारण झाले ते कार्बनला. सजीव आपला देह घडविताना जड कार्बन-१३ पेक्षा हलका कार्बन-१२ अधिक स्वीकारतात, आणि ती तफावत देह नष्ट झाल्यावरही मागे उरलेल्या कार्बनात टिकून राहते. परंतु मोजावयाचे काय, तर गारेच्या पोटात दडलेले, जेमतेम दहा मायक्रोमीटर रुंदीचे तंतू! विस्कॉन्सिन विद्यापीठात जॉन व्हॅली आणि कोउकी किताजिमा यांनी तो खडक एकेक मायक्रोमीटर झिजवीत ते तंतू पृष्ठभागी आणले, त्यांवर आयनांचा सूक्ष्म झोत सोडला आणि उडालेल्या कणांतून दोन्ही समस्थानिकांचे प्रमाण काढले. २०१७ साली प्रसिद्ध झालेल्या या मापनात अकरा जीवाश्मांतील जड कार्बनाचे आकडे प्रमाणनमुन्याहून दर हजारी सुमारे ३१ ते ३९ ने उणे भरले.

हलका कार्बन निर्जीव रासायनिक क्रियांतूनही निपजतो, ही प्रतिपक्षाची तक्रार रास्तच आहे. तथापि, भिन्न आकाराच्या जातींचे आकडेही भिन्न यावेत, आणि काही प्रकाशावर जगणाऱ्या, तर काही मिथेनशी व्यवहार करणाऱ्या सूक्ष्मजीवांना साजावेत, हा मेळ मला केवळ आकस्मिक वाटत नाही. तरीही ब्रेझियर यांनी हरकत घेतली नसती, तर इतक्या काटेकोर मापनाची निकड कुणास भासली असती, याची शंकाच आहे.

म्हणून प्रतिनिधींना माझी विनंती एवढीच, की येथे आपले आकडे मांडाल तेव्हा त्यांवरील आक्षेपही त्याच व्यासपीठावरून, आणि आम्हा सामान्य श्रोत्यांना उमगेल अशा मराठीत, निःसंकोचपणे मांडावेत.