मान पंक्तीचा

(मंडळाच्या वर्धापनदिनाच्या सभेत केलेले भाषण. चिटणीसबाईंच्या सांगण्यावरून स्मरणिकेसाठी लिहून दिले आहे.)



आज मला बोलावयास उभे केले आहे. माझे शिक्षण सातवीपर्यंतचे. मोठी भाषणे ऐकावयाची सवय आहे, करावयाची नाही. परंतु यंदा आपल्या कार्यकारिणीने एक प्रश्न सभेपुढे ठेवला आहे. मंडळातील ज्येष्ठ सभासदांचा गौरव करावयाचा, तो कसा करावा? काहीजणी म्हणाल्या, शाल-श्रीफळ द्यावे. काहीजणी म्हणाल्या, चांदीचे फूल द्यावे. भाव ऐकल्यावर चांदीचे फूल मागे पडले, ही गोष्ट वेगळी! या प्रश्नाचा विचार करताना मला जे वाचावयास व ऐकावयास मिळाले, तेच आज सांगणार आहे.

माझी भाची कॉलेजात शिकविते. तिला मी विचारले, "काय ग, तुम्हां शिकलेल्या लोकांत म्हाताऱ्या विद्वानांचा मान कसा करतात?" ती म्हणाली, "मावशी, त्यांना फेलो करून घेतात." मला वाटले, फेलोशिप म्हणजे मुलांना मिळते ती शिष्यवृत्ती. तशीही एक असते. पण ही निराळी. विद्वानांची जी मंडळे असतात, ती आपल्या विषयात ज्यांनी आयुष्यभर भरीव काम केले त्यांना निवडून आपले मानाचे सभासद करून घेतात. त्यात पगार नाही, बिदागी नाही. फेलो या शब्दाचा अर्थ सोबती. आपल्या भाषेत सांगावयाचे तर पंक्तीतला. म्हणजे, "तू आमच्या पंक्तीला बैस," एवढेच त्या मानाचे सांगणे.

अशा मंडळांत फार जुने व फार नावाजलेले मंडळ म्हणजे लंडनची रॉयल सोसायटी. ती 1660 साली निघाली. आपल्याकडे तेव्हा शिवाजीमहाराजांचा काळ चालू होता. तिचे ब्रीदवाक्य असे आहे, की कोणी सांगितले म्हणून मानू नका, पारखून घ्या. तेथे फेलो होण्यासाठी स्वतःचा अर्ज चालत नाही. जे आधीचे फेलो आहेत त्यांनी नाव सुचवावे लागते, सुचविणाऱ्यांनी सही करावी लागते, मग त्या विषयातील जाणती माणसे कामाची पारख करतात व निवड करतात. निवड झाली की ती जन्मभराची. नव्या फेलोने एका जाड जुन्या वहीत सही करावयाची असते. त्याच वहीत न्यूटनची सही आहे. आणि ती सही नुसती हजेरीची नव्हे. संस्थेच्या भल्यासाठी मी झटेन, असे वचन तीत असते. मान घेणाऱ्यावर काम येते, ही गोष्ट मला फार आवडली.

या वहीत सही करण्याचा मान मिळालेला पहिला हिंदी माणूस आपल्या मुंबईचा. जहाजे बांधणाऱ्या वाडिया घराण्यातील अर्देशीर कर्सेटजी यांना 1841 साली फेलो निवडले. त्यांनी माझगावच्या आपल्या बंगल्यात गॅसचे दिवे लावले होते. शिवणाचे यंत्र मुंबईत पहिल्यांदा त्यांनीच आणले असे म्हणतात. ते खरे असेल, तर आपल्या शिवणवर्गाने त्यांना एक नमस्कार करावयास हरकत नाही. पुढे 1918 साली रामानुजन व 1924 साली चंद्रशेखर व्यंकट रामन हे फेलो झाले. आपल्या माशेलचे रघुनाथराव माशेलकर 1998 साली झाले. वडील लवकर गेले, आणि गिरगावात राहून आईने कष्टाने शिकविलेला हा मुलगा.

आता भगिनींनो, तुमच्या मनात आले असेल ते माझ्याही मनात आले. यात बाया कोठे आहेत? मी भाचीला तेच विचारले. तेव्हा तिने मला जी हकीकत सांगितली, ती ऐकून मी हातातले निवडणे तसेच ठेवले.

हर्था आयर्टन नावाची एक बाई इंग्लंडात होऊन गेली. जन्म 1854 चा. बाप घड्याळे दुरुस्त करणारा, तो ही लहान असतानाच वारला. आईने शिवणकाम करून मुले वाढविली. ही मुलगी हुशार निघाली, शिकली, व तिने विजेच्या दिव्यांचा अभ्यास केला. त्या काळी रस्त्यावर विजेचे मोठे दिवे असत. दोन कोळशाच्या कांड्यांमध्ये ज्योत पेटावयाची. ते दिवे फुरफुरत, सूं सूं आवाज करीत, व उजेड कमीजास्त होई. का होते ते कोणास उलगडेना. या बाईने प्रयोग करून दाखविले, की बाहेरच्या हवेतला प्राणवायू तापलेल्या कोळशाच्या खोबणीत शिरतो व त्यामुळे हा आवाज होतो. चूल फुंकणाऱ्या बाईला हे पटकन समजेल! 1899 साली तिने आपला निबंध विजेच्या इंजिनियरांच्या संस्थेत स्वतः वाचला, व त्या संस्थेने तिला सभासद करून घेतले. त्या संस्थेची ती पहिली स्त्री-सभासद.

परंतु रॉयल सोसायटीत निराळेच झाले. 1901 साली तिचा निबंध तेथे वाचला गेला, पण तो एका पुरुषाने वाचला. 1902 साली तिचे नाव फेलो म्हणून सुचविले गेले. तेव्हा संस्थेने वकिलांचा सल्ला घेतला. वकिलांनी सांगितले, की ही बाई लग्न झालेली आहे, आणि लग्न झालेल्या बाईला संस्थेच्या सनदेप्रमाणे फेलो होता येत नाही. झाले! नाव बाजूला ठेवले. बरे, काम खोटे होते का? तसेही नाही. 1904 साली तिला आपला निबंध तेथे स्वतः वाचू दिला. 1906 साली त्याच संस्थेने तिच्या कामासाठी तिला पदक दिले. म्हणजे पदक हातात दिले, पण पाट मांडला नाही. ती 1923 साली वारली, ती फेलो न होताच. पहिल्या महायुद्धात खंदकांतून विषारी वायू हाकलण्यासाठी तिने जे पंखे काढले, ते मात्र एक लाखाहून जास्त सैनिकांकडे गेले. पंखा चालला, बाई चालली नाही.

मी तुम्हांला ही हकीकत इतक्या विस्ताराने का सांगत आहे? कारण त्या बाईला अडविले ते तिच्या नवऱ्यामुळे. नवरा हयात आहे म्हणून तिला जागा नाही. आणि आपल्याकडे काय आहे? नवरा हयात नाही म्हणून जागा नाही! आपल्या मंडळात एक बाई आहेत. नाव घेणे त्यांना आवडणार नाही, म्हणून मी घेत नाही. मंडळ निघाले तेव्हापासून पैन् पैचा हिशेब त्यांनी ठेवला. भिशीचा, पापडांच्या विक्रीचा, सहलीचा, सगळा. एका पैशाची चूक कोणी दाखवून द्यावी. पण संक्रांतीच्या हळदीकुंकवाला त्या मागच्या दाराशी, चहाच्या भांड्यांजवळ बसतात. त्यांना कोणी तेथे बसविले नाही, असे आपण सर्वजणी म्हणतो. ते खरेही आहे. पण पुढे येऊन बसा, असे तरी कोणी म्हणाले? इंग्लंडातील वकिलाला आपण हसलो. आपल्याकडे तर वकीलही लागत नाही.

पुढची गोष्ट सांगते. पुढे रॉयल सोसायटीने आपले नियम बदलले, व 1945 साली दोन बायका फेलो निवडल्या. संस्था निघाल्यापासून 285 वर्षांनी! एक मार्जोरी स्टीफन्सन. जंतूंच्या शरीरात काय घडामोडी होतात याचा अभ्यास त्यांनी केला. मान मिळाला तेव्हा त्या साठीला आल्या होत्या, आणि तीन वर्षांनी, 1948 साली, त्या वारल्या. दुसऱ्या कॅथलीन लॉन्सडेल. दहा भावंडांतले हे शेंडेफळ. बेंझिन नावाच्या पदार्थाच्या कणाची रचना चपटी असते, हे त्यांनी स्फटिकांवर क्षकिरण टाकून दाखविले. त्यांना तीन मुले. मुले लहान असताना त्या घरी बसून गणिते करीत. नवऱ्याने काम सोडू दिले नाही, आणि त्यांच्या वडीलधाऱ्या शास्त्रज्ञाने, ब्रॅगसाहेबांनी, घरकामाला मदतनीस ठेवता यावी म्हणून पैशांची तजवीज करून दिली. मला वाटते, हा सुद्धा सन्मानच. हार घालणारे पुष्कळ असतात, भांडी घासण्याची सोय करणारा एखादाच.

आणि हिंदी स्त्री? अर्देशीर कर्सेटजींनंतर 178 वर्षे लागली. 2019 साली वेल्लोरच्या डॉक्टर गगनदीप कांग या पहिल्या भारतीय स्त्री फेलो निवडल्या गेल्या. तान्ह्या मुलांना जुलाब लागून ती हातची जातात, त्या रोगावरील लशीच्या कामात त्यांचा मोठा हात आहे. ज्या आयांच्या मांडीवर मूल सुकून गेले आहे, त्यांना या कामाची किंमत सांगावयास नको.

आपल्या देशातील मंडळेही आहेत. बंगळूरला 1934 साली रामनसाहेबांनी विज्ञान अकादमी काढली, व 1935 सालीच जानकी अम्माळ यांना फेलो म्हणून घेतले. त्या केरळच्या. कोइमतूरला उसाच्या जातींवर त्यांनी काम केले. म्हणजे आपल्या चहातील साखरेशी त्यांचा संबंध आहे.

परंतु ज्यांची हकीकत माझ्या मनातून जात नाही, त्या आपल्या मराठीच. कमला सोहोनी, माहेरच्या भागवत. 1933 साली बंगळूरच्या विज्ञानसंस्थेत त्या प्रवेश मागावयास गेल्या, तेव्हा मुलगी म्हणून आधी नकार मिळाला. त्यांनी हट्ट सोडला नाही, तेव्हा अटी घालून घेतले. नकार देणारे रामनसाहेबच, आणि पुढे त्यांचे काम पाहून मुलींना दार उघडणारेही तेच. 1939 साली केंब्रिजची डॉक्टर ही पदवी त्यांनी मिळविली. शास्त्रात ती पदवी मिळविणाऱ्या पहिल्या भारतीय स्त्रिया ज्या मोजतात, त्यांत त्यांचे नाव अग्रभागी आहे. कडधान्ये, दूध, नीरा यांवर त्यांनी संशोधन केले. गिऱ्हाइकांच्या हितासाठी काम करणाऱ्या बायकांच्या संस्थेतही त्या झटल्या, भेसळीबद्दल लिहीत राहिल्या. 1998 साली, वयाची ऐंशी उलटल्यावर, दिल्लीला त्यांचा सत्कार ठेवला होता. त्या समारंभातच त्या कोसळल्या, व थोड्याच दिवसांत गेल्या. सत्कार करणाऱ्यांचा यात दोष नाही, त्यांना आठवण तरी झाली. पण इतकी वर्षे बाकीचे कोठे होते, असे मनात येतेच.

म्हणून भगिनींनो, गौरवाबद्दल मला जे समजले ते तीन गोष्टींत सांगते, आणि तीच माझी सूचना समजावी.

पहिली गोष्ट, मान वेळेवर द्यावा. ज्या ज्येष्ठ सभासदांचे डोळे अजून दिसतात व कान ऐकतात, त्यांना आत्ताच द्यावा. भिंतीवर तसबीर लावून, हार घालून नंतर सांगण्यात अर्थ नाही.

दुसरी गोष्ट, मान कामावरून द्यावा. वय झाले म्हणून नव्हे, कोणाची सासू म्हणून नव्हे, वर्गणी मोठी दिली म्हणूनही नव्हे. दोन सभासदांनी नाव सुचवावे, काय काम केले ते चार ओळींत लिहावे, खाली सही करावी, व सर्वांनी मिळून ठरवावे. वर्षाला एकच नाव निघाले तरी चालेल. सर्वांनाच वाटला तर तो मान नव्हे, तो प्रसाद झाला. आणि कुंकू आहे की नाही हा प्रश्न त्या कागदावर नसावा.

तिसरी गोष्ट मला सर्वांत मोठी वाटते. शाल देऊन घरी पाठवू नये. आपल्याकडे सत्कार म्हणजे पुष्कळदा निरोपच असतो. शाल पांघरली, नारळ दिला, आता तुम्ही विश्रांती घ्या! विद्वानांच्या मंडळात फेलो झालेला माणूस घरी जात नाही, तो आत येतो. पुढच्यांची पारख त्याला करावयाची असते. आपणही आपल्या ज्येष्ठांना कार्यकारिणीच्या सभेत कायमची जागा द्यावी, बोलण्याचा व मत देण्याचा हक्क द्यावा, आणि एक वही करावी. चांगल्या कापडी बांधणीची दोनशे पानी वही घ्यावी, फार खर्च येणार नाही. तीत त्यांनी सही करावी. ज्यांना लिहिता येत नाही त्यांनी अंगठा उठवावा, त्याचा मान सहीइतकाच. पुढे आपल्या मुली-सुना ती वही उघडतील तेव्हा त्यांना कळेल, की हे मंडळ कोणी उभे केले.

ही वही मंजूर झाली, तर पहिल्या नावाच्या सूचनेवर एक सही माझी राहील. दुसरी सही कोण करणार, ते आजच्या सभेत ठरावे. आणि येत्या संक्रांतीला चहाच्या भांड्यांजवळ आम्ही तरण्याजणी पाळीपाळीने बसू.