अकाली जन्म आणि वस्तीचा शाप



गर्भाचे ३७ आठवडे पुरे होण्यापूर्वी जन्मलेले मूल ते अपुऱ्या दिवसांचे. अमेरिकेत २०२२ साली गोऱ्या मातांच्या शंभर बालकांपैकी सुमारे ९, तर कृष्णवर्णीय मातांच्या सुमारे १५ बालकांच्या वाट्याला हे आले. हा रक्ताचा दोष आहे, असे म्हणून हात झटकणाऱ्यांना आम्ही इलिनॉय राज्याचा दाखला देतो. डेव्हिड व कॉलिन्स या डॉक्टरांनी १९९७ साली दाखवून दिले, की आफ्रिकेतून तेथे आलेल्या मातांच्या बालकांची वजने गोऱ्या बालकांच्या जवळ जातात; अमेरिकेतच जन्मलेल्या कृष्णवर्णीय मातांची बालके मात्र हलकी भरतात. मग रक्ताला दोष कसा द्यावा?

१९३० नंतरच्या दशकात तेथील सरकारी कर्जसंस्थेने शहरांचे नकाशे रंगविले. कृष्णवर्णीयांच्या वस्त्या तांबड्या ठरल्या आणि घरांसाठी मिळणारे कर्ज आटले. १९६८ च्या कायद्याने हा भेद निषिद्ध झाला. पण अनेक वस्त्यांच्या उशाशी आलेले हमरस्ते व कारखाने हलले नाहीत.

उपाय आहे काय? आहे. न्यू जर्सी व पेनसिल्व्हेनियात न थांबता पथकर भरण्याची सोय झाली, मोटारींचा धूर घटला. आणि नाक्यांपासून दोन किलोमीटरांच्या आत अकाली प्रसूतींचे प्रमाण सुमारे एक-दशांशाने उतरले, असे २०११ च्या अभ्यासात आढळले.

आपली वस्ती कोणते बालक निवडून जन्मास येते? तो नकाशा माणसांनी रंगविला. तो पुसण्याचे दायित्वही माणसांचेच आहे.