गुरांच्या पोटांतील जंत : जुनी परीक्षा व नवें वाचन

मुंबईंत परळचें नांव निघालें कीं मोठ्या रुग्णालयांची आठवण होते. त्याच परळांत मुक्या जनावरांचेंही एक जुनें रुग्णालय आहे, हें मात्र पुष्कळांच्या ध्यानांत नसतें. सर दिनशा माणेकजी पेटिट यांच्या औदार्यानें बाई साकरबाई दिनशा पेटिट रुग्णालय उभें राहिलें आणि १८८६ सालीं त्याच आवारांत मुंबई पशुवैद्यक महाविद्यालय सुरू झालें. खंगत चाललेल्या जनावराचें शेण सूक्ष्मदर्शकाखालीं तपासणें हा पशुवैद्याच्या शिक्षणांतील अगदीं आरंभींचा पाठ होय. परंतु या साध्या परीक्षेंत एक मोठी उणीव होती. ती भरून काढणारी रीत अलीकडच्या कांहीं वर्षांतच हातीं आली आहे.

गाय, बैल व म्हैस यांच्या जठरांत आणि आंतड्यांत गोल जंतांच्या अनेक जाती राहतात. त्यांचीं अंडीं शेणावाटे बाहेर पडतात. ओलावा व ऊब मिळतांच अंडीं फुटून अळ्या निघतात. वाढ झाल्यावर त्या गवताच्या पात्यावर चढतात आणि चरणाऱ्या जनावराच्या पोटांत शिरतात. यांतील 'हिमाँकस' हा जंत चौथ्या जठरांत राहून रक्त शोषतो. त्याची बाधा वाढली म्हणजे वासरूं पांढुरकें पडतें, त्याच्या जबड्याखालीं सूज येते आणि वेळीं उपाय न झाल्यास तें दगावतें. 'कूपेरिया' हा लहान आंतड्यांत राहतो. त्याच्यामुळें मृत्यु क्वचितच येतो. पण खाल्लेलें अंगीं लागत नाहीं व जनावराची वाढ खुंटते.

अडचण ही कीं, या दोघांचीं अंडीं जवळजवळ सारखींच दिसतात. मिठाच्या दाट पाण्यावर अंडीं तरंगवून तीं आंखलेल्या कांचेंत मोजण्याची मॅकमास्टर रीत १९३९ सालीं ऑस्ट्रेलियांत प्रसिद्ध झाली व ती आजही चालू आहे. परंतु ती अंड्यांची संख्या सांगते, कुळ सांगत नाहीं. जी. डी. भालेराव यांनीं १९३५ सालीं हिंदुस्थानांतील पाळीव जनावरांच्या कृमींवर मोठा ग्रंथ लिहिला. त्यांतील ओळख मुख्यतः पूर्ण वाढलेल्या जंताच्या शरीररचनेवर आधारलेली आहे आणि असा जंत बहुधा जनावर मेल्यावरच हातीं लागतो. शेणांतील अळ्या वाढवून त्यांच्या शेपटीच्या लांबीवरून जात ठरवितां येते. पण त्याला दिवस लागतात, नजर कसलेली लागते, आणि कांहीं जातींत तरीही घोटाळा उरतोच.

लालबाग-परळच्या गिरण्या चालू होत्या तेव्हां पाळी बदलण्याच्या वेळीं फाटकांतून शिरणारा घोळका दुरून एकसारखाच दिसे. पण हजेरीपुस्तकांत प्रत्येकाचें नांव वेगळें असे. जंतांचें असें हजेरीपुस्तक त्यांच्या डी. एन. ए.मध्यें आहे. चार अक्षरांत लिहिलेल्या या मजकुराचा एक छोटा भाग जातीजातींत वेगळा असतो. शेंकडों अळ्या एकत्र घेऊन त्यांच्यांतील तेवढ्याच भागाच्या असंख्य प्रती काढतात, यंत्र त्या प्रतींतील अक्षरें वाचतें आणि कोणता मजकूर किती वेळां आला यावरून कोणत्या जातीचें प्रमाण किती हें कळतें. प्रत्येक नमुन्याला खुणेचीं अक्षरें जोडल्यामुळें शेंकडों जनावरांचे नमुने एकाच वेळीं वाचतां येतात. कॅनडांतील कॅलगरी विद्यापीठाच्या संशोधकांनीं व त्यांच्या सहकाऱ्यांनीं गुरांच्या जंतांसाठीं ही रीत २०१५ सालीं मांडली आणि पुढें मांसासाठीं पाळलेल्या वासरांच्या कळपांवर तिचा उपयोग झाला. अर्थात् एकंदर अंडीं किती हें जाणण्यास जुनी मोजणी लागतेच. नवी रीत तिची जागा घेत नाहीं, तिला पुरी करते.

ही ओळख एवढ्या खटपटीनें कां करून घ्यावयाची, याचें उत्तर औषधांत आहे. १९६१ सालीं थायाबेंडाझोल आलें, १९८१ सालीं जनावरांसाठीं आयव्हरमेक्टिन आलें, आणि जंतांचा प्रश्न सुटला असें अनेकांस वाटलें. परंतु औषधानें मेलेले जंत मागें संतति ठेवीत नाहींत. जे कांहीं तग धरतात त्यांचीच पुढें वाढ होते. आयव्हरमेक्टिन दिल्यावर पुष्कळ कळपांत मुख्यतः कूपेरियाच उरलेला आढळतो. केवळ अंडीं मोजणाऱ्यास संख्या कमी झाल्याचें समाधान मिळतें. उरलेले कोण आहेत, हें वाचन केल्यावांचून कळत नाहीं. थायाबेंडाझोलच्या कुळांतील औषधांना दाद न देण्यास तर एका प्रथिनाच्या मजकुरांत एका अक्षराचा पालटही पुरतो, आणि तोही वाचतां येतो. दक्षिण भारतांतील हिमाँकसच्या अशाच एका पालटाचा माग काढला असतां, तो एकाच ठिकाणीं उगम पावून दूरवर पसरल्याचा पुरावा २०१५ सालीं पुढें आला. जनावराबरोबर त्याच्या पोटांतील जंतही प्रवास करतात.

मुंबईकरांस ही गोष्ट परकी नाहीं. शहरांतील तबेले हलविण्यासाठीं १९४९ सालीं आरे दुग्ध वसाहत स्थापन झाली. पण मुंबईच्या दुधाच्या म्हशी दूरदूरच्या प्रांतांतून येत आल्या आहेत. २०१५ सालीं महाराष्ट्रांत बैलांच्या कत्तलीवरही बंदी आल्यापासून मोठ्या जनावरांच्या मांसाचा भार म्हशींच्या जातीवरच पडला आहे. म्हणजे दूध आणि मांस या दोहोंचा भरंवसा एकाच जनावराच्या प्रकृतीवर. गिरगांव-दादरच्या शाळांतून राष्ट्रीय जंतनाशक दिनाच्या मोहिमेंत मुलांना मिळणारी अल्बेंडाझोलची गोळीही थायाबेंडाझोलच्याच कुळांतली. माणसाचे जंत व गुरांचे जंत निराळे. एकाचा हट्ट आपोआप दुसऱ्यांत उतरत नाहीं. पण औषधांचें भांडार मात्र दोघांसाठीं लहानच आहे.

यंत्र प्रत्येक गोठ्यांत पोंचणार नाहीं, आणि तें पोंचावें अशी गरजही नाहीं. महाविद्यालयाच्या प्रयोगशाळेंत भागाभागांतील थोड्या कळपांचें वाचन झालें, तरी कोणतें औषध कोठें निरुपयोगी ठरत आहे हें पशुवैद्यास सांगतां येईल. गवळ्यानें करावयाचें तें याहून सोपें आहे : शेण तपासल्यावांचून औषध देऊं नये, वजनाच्या अंदाजापेक्षां कमी मात्रा देऊं नये, आणि धडधाकट जनावरांना विनाकारण औषध पाजूं नये. औषध न लागलेल्या जनावरांतील जंत औषधाला दाद देणारे राहतात. त्यांचें अस्तित्वच पुढच्या वर्षीं त्या औषधाचा गुण टिकवून धरतें. वासरूं आजारी पडल्यावर बाटली हातीं असून तिचा गुण गेलेला असणें, याहून मोठी हानि गरीब गवळ्याच्या घरीं दुसरी नाहीं.